घोड्याचं वर्ष लागण्याआधी

एकतीस डिसेंबर, एकोणीसशे पासष्ट. दुपारचे दोन. जपानच्या बर्फाळ किनाऱ्यावरचं इनाहामा गाव, डॉक्टर उराबे यांचं प्रसूतिगृह, वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली. खोलीत माझी धाकटी बहीण मिनाए, तिची सासू तोमेबाई आणि मी.

मी तेव्हा शहरातल्या पेपरात बातमीदार होते. पुढे आयुष्यभर तेच केलं. पुरावा नसेल ते लिहायचं नाही, हा माझा नियम. या हकिगतीतला अर्धा भाग मी पुराव्यानिशी मांडू शकते. उरलेला अर्धा मांडता येत नाही, पण तो मी ऐकला आहे आणि माझे कान तेव्हा चांगले होते. येतं वर्ष पुन्हा त्याच घोड्याचं आहे, आणि माझ्या शेजारणीच्या सुनेने परवा हसत हसत विचारलं, "आजी, डिसेंबरातच मोकळं होता येईल का हो?" म्हणून सांगते आहे.

मी सकाळच्या गाडीने आले होते, ते वर्षअखेर आहे म्हणून. सोबत संत्र्यांची जाळी, भाच्यासाठी विणलेली टोपी. मिनाए घरी नव्हती. चार वर्षांचा भाचा शेजाऱ्यांकडे भाताचे लाडू खात बसला होता. "आई बाळ आणायला गेली," तो म्हणाला. तिचे दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते.

उराबेंच्या दारात बर्फाने भिजलेल्या बुटांची रांग लागली होती. आत रॉकेलच्या शेगडीभोवती पोटुश्या बायका संत्री सोलत बसलेल्या. कुणाचाच नवरा सोबत नव्हता. आमच्याकडचे पुरुष हिवाळ्यात तोक्योला रस्ते खणायला जातात, मिनाएचा नवराही तिकडेच होता, आणि तिकडून येणाऱ्या गाड्या बर्फात अडकल्या होत्या.

"मला बाई घोडी नको," एक म्हणाली. "घोडा झाला तर चालेल."

"मग घाई कशाला करतेस? थांब की."

"आत कोण आहे ते तुला दिसतंय का? तुझी नजर एवढी चांगली असती तर हा नवरा केला असतास?"

सगळ्या हसल्या. हसताना पोटं धरून हसल्या.

अग्निघोड्याचं वर्ष साठ वर्षांतून एकदा येतं, आणि ते दुसऱ्या दिवशी लागणार होतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते, अशी समजूत. तिला स्थळ येत नाही, आलं तर वयाचा दाखला आधी मागतात. घरात टीव्ही आणलेली, मुलांना कॉलेजात घातलेली माणसं ही गोष्ट मान हलवत बोलत होती. ज्यांची तारीख जानेवारीत होती त्या बायका डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उराबेंच्या जिन्यावर उभ्या राहिल्या, आणि उराबेंनी एकीलाही परत पाठवलं नाही.

त्यांच्या दवाखान्याचं नाव त्यासाठीच होतं. दिवसाउजेडी बाळंतपण. आदल्या दिवशी समुद्रातल्या शेवाळाच्या वाळवलेल्या काड्या गर्भपिशवीच्या तोंडात ठेवायच्या, त्या ओल्याने फुगतात आणि वाट मोकळी करतात. सकाळी सलाईनमधून औषध सोडायचं, कळा सुरू होतात, आणि दिवेलागणीच्या आत डॉक्टर हात धुऊन जेवायला बसतात.

मी त्यांना जिन्यात गाठलं. मोठे, मऊ हात असलेला, पन्नाशीचा माणूस.

"तिचे दिवस भरलेले नाहीत, डॉक्टर."

"बाळ तयार आहे."

"आणि तिचं शरीर?"

"तुम्ही त्या पेपरवाल्या बहीण ना?" ते हसले. "शरीर जे स्वतः करतं तेच आम्ही जरा लवकर करवून घेतो. तीच गोष्ट, फक्त वेळ आपली."

"त्यात धोका नाही?"

"जिना उतरण्यात आहे तितका. सांभाळून जा, पायरी ओली आहे."

समुद्राकडची खोली इमारतीच्या जुन्या भागात होती. दवाखाना होण्याआधी तिथे उराबेंची आजी सुईणपण करायची. छताच्या तुळईत एक काळा लोखंडी आकडा अजून होता. पूर्वी त्याला ताग वळून केलेला दोर बांधत आणि कळ आली की बाई तो दोर धरून लोंबत असे. आता खोलीच्या मधोमध पांढरा पडदा ओढलेला होता. अलीकडे मिनाएची खाट, पलीकडे आणखी एक, आणि आकडा त्या पलीकडच्या भागात. फिनेल, रॉकेल आणि ओल्या लोकरीचा वास कोंदला होता. खिडकीबाहेर बर्फ इतका दाट पडत होता की भर दुपारी खोलीत तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटत होतं.

मिनाएच्या दातांत टॉवेल होता. तिने मला पाहिलं आणि डोळ्यांनी हसली.

"आवाज करू नकोस म्हणून मी सांगितलेलं नाही हो," तोमेबाई चटईवरून म्हणाल्या. "तीच गुणाची आहे. पहिल्याच्या वेळेला शेजाऱ्यांना बाळाचं रडणं ऐकून कळलं."

आमच्या गावांत बाळंतपणात ओरडलेली बाई म्हातारी होईपर्यंत बोलणी खाते. न ओरडलेलीचं कौतुक होतं. मिनाएला हे कौतुक एकदा मिळालं होतं आणि ते टिकवायचं होतं.

कळ आली. तिच्या कपाळाची शीर फुगली, टॉवेल ताणला गेला. तोंडातून काहीच नाही.

पडद्यापलीकडून आवाज आला. कर्रर्र… जाड दोरावर कुणीतरी हळूहळू भार टाकावा तसा. कळ ओसरली, आणि आवाजही सैल होत गेला.

मला वाटलं, छपरावर बर्फाचा भार पडतोय. पुढच्या कळेला पुन्हा तेच झालं. तिची मूठ आवळली की दोर ताणायचा, मूठ सुटली की दोर सुटायचा. बर्फाला बहिणीच्या कळा कशा कळतील?

नर्स हात्सुए ताप बघायला आली. तरुण, सकाळपासून उभी, पाय सुजलेले.

"पलीकडे कोण आहे, सिस्टर?"

"कोणी नाही. जास्तीच्या गाद्या ठेवल्यात."

मी पडदा सारला. खाटेवर गाद्यांची चळत, वर चादर. आकडा रिकामा. मी त्याच्याकडे बघत असतानाच माझ्या पाठीमागे मिनाएचा श्वास अडकला, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या रिकाम्या आकड्याखालून आवाज आला… कर्रर्र. आकडा हलला नाही. फक्त त्याच्या खालची हवा भार पेलत होती.

मी पडदा सोडला.

"पेपरवाल्या बाईंचे कान फार तिखट," तोमेबाई म्हणाल्या. त्या संत्रं सोलत होत्या, पण फोड तोंडात घालत नव्हत्या. एकामागून एक फोडी मांडीवरच्या रुमालावर साचत होत्या.

साडेतीनच्या सुमारास बाहेरचा उजेड आणखी गेला, तशा त्या अस्वस्थ झाल्या. "सिस्टर, अजून काहीच कसं नाही? दिवस संपला की."

हात्सुए डॉक्टरांना घेऊन आली. उराबेंनी मिनाएच्या पोटाला हात लावला नाही. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, नळीवरचा चिमटा बोटाने सैल केला, आणि काचेच्या बाटलीखाली थेंब एकमेकांच्या पाठीला लागून पडू लागले. हे मी पाहिलं आहे. यात भुताखेताचा काही संबंध नाही. एका माणसाने, दाराकडे तोंड वळवलेलं असताना, ते बोटाने केलं.

"आता बघा," ते म्हणाले आणि खालच्या बाईकडे गेले.

मग आवाजामधली उसंत कमी होऊ लागली.

आधी दोर ताणायचा आणि सुटायचा. आता सुटता सुटताच पुन्हा ताणायला लागला. मिनाए तशीच गप्प. चेहरा मेणासारखा, डोळे छताला. तिच्याकडे नुसतं बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मला कळत होतं ते पडद्यापलीकडून. कर्रर्र… कर्रर्र… आणि मग मधली फटच गेली. एकच लांब, न संपणारी करकर. तिच्या पोटावर बेंबीखाली आडवी खोबण उमटली होती, ओल्या कापडाला पीळ दिल्यावर पडते तशी.

"काकू," मी म्हटलं, "तिला श्वास घ्यायला वेळच मिळत नाहीये."

तोमेबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. पडद्याकडे बघत होत्या.

"तुलाही ऐकू येतंय तर," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच…"

"काय आहे ते?"

"मी घोड्याच्या वर्षाची आहे, पोरी. मागच्या." त्यांनी रुमालावरच्या फोडी उगाच सारख्या केल्या. "नवरा बोटीवरून पडून गेला, तर लोक म्हणाले, खाल्लान हिने. विहिरीवर माझ्यानंतर पाणी भरायच्या नाहीत बायका. मुलगी झाली तर माझ्या नातीला ते नको, एवढंच माझं म्हणणं होतं… माझ्या आईचंही तेच म्हणणं होतं. मला वर्षाआधी बाहेर काढायचं म्हणून ती इथेच, याच दोराला दोन दिवस लोंबत होती. सुईण वरून पोट दाबत होती. मी काही आले नाही. मी आले पहिल्या तारखेला सकाळी, आणि ती तोवर…"

करकर वाढली. हात्सुएने खांदे आवळून घेतले होते, पण ती काही ऐकू येत नसल्यासारखी चादर नीट करत राहिली.

तोमेबाई उठल्या. "सिस्टर, ती नळी बंद करा."

"आजी, मघाशी तुम्हीच तर म्हणालात."

"आता मीच म्हणतेय, बंद करा."

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं आहे."

"मग विचारा."

"ते प्रसूतीत आहेत, खाली. तिथे मधेच नाही जाता येत."

मी वाद घातला नाही. पुढे झाले आणि चिमटा घट्ट आवळला. थेंब थांबले. हात्सुए पांढरी पडली आणि जिन्याकडे धावली. पण औषध गेलं होतं ते गेलं होतं. दोर थांबला नाही. त्याचा सूर चढत गेला, पातळ होत गेला, दातांच्या मुळापर्यंत पोचला…

आणि एकदम काही नाही.

दोर तुटल्याचा आवाज झाला नाही. भार निघून गेला, एवढंच. इतकी शांतता की बाहेर बर्फ पडतोय ते ऐकू यावं.

मिनाएने टॉवेल तोंडातून काढला. "ताई, थांबलं," ती म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला होता, लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा. "अगदीच थांबलं."

हात्सुए परत आली होती. "डॉक्टर येताहेत," ती धापा टाकत म्हणाली, मिनाएकडे बघितलं आणि सुटकेने हसली. "बघा, शांत झाल्या. किती छान सोसलंत हो. छान सोसलंत."

"खांदा दुखतोय," मिनाए म्हणाली. "उजवा."

"खाटेची दांडी ओढलीत ना, म्हणून."

मिनाएने दांडी धरलीच नव्हती. तिच्या दोन्ही मुठींत चादर होती. मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोटाचा आकार बदलला होता. घट्ट गोलाई कुठे नव्हती. माझ्या तळहाताखाली, अगदी कातडीला लागून, एक लहान गुडघा होता. मध्ये काहीच नसल्यासारखा. मी तो बोटांनी धरू शकले असते. तिचे ओठ निळसर होत चालले होते आणि कपाळावर गार घाम डवरला होता.

पडद्यापलीकडून कुणीतरी म्हणालं, "छान सोसलंस…"

बाईचा आवाज. कोरडा, दोन दिवस पाणी न प्यायलेल्या घशातून यावा तसा. हात्सुएचा हात हवेतच राहिला. तिनेही ऐकलं. पुढे चौकशीत तिने नाही म्हणून सांगितलं, पण तिच्या हातातला थर्मामीटर जमिनीवर पडून फुटला, आणि त्या खोलीत पायाखाली पारा पळत होता, हे उराबेंनीही पाहिलं.

तोमेबाईंनी चटईवर गुडघे टेकले आणि पडद्याकडे तोंड करून कपाळ जमिनीला लावलं. "मी झाले, आई," त्या कुजबुजल्या. "मी केव्हाच झाले. साठ वर्षांची होत आले. आता सोड. हिचं बाळ तू ओढू नकोस… ते तुझं नाही."

पडदा किंचित आत ओढला गेला, पलीकडे कुणी मोठा श्वास घ्यावा तसा. आणि तसाच राहिला. बाहेर आला नाही.

उराबे आले. नाडी धरली. मग पहिल्यांदा त्यांनी मिनाएच्या पोटाला हात लावला, आणि हात लगेच उचलला. त्यांच्या दवाखान्यात पोट उघडायची सोय नव्हती. सलाईनच्या बाटल्या लावायची तेवढी होती.

अग्निशमन दलाच्या माणसांनी तिला लाकडी घसरगाडीवर घालून नदीपलीकडच्या इस्पितळात नेलं. पुलावर बर्फ मांडीपर्यंत होता. मी तिचा हात धरून सोबत चालत होते. गावात घरोघरी वर्षअखेरीच्या शेवया शिजत होत्या, त्याचा वास येत होता. ती एकदाच बोलली.

"ताई, मी ओरडले का गं?"

"नाही."

"बरं झालं."

मी तिला म्हटलं, ओरड. पाहिजे तेवढं ओरड, मिनाए. तिने मान हलवली, पण तोवर तिच्यात ओरडायला काही उरलं नव्हतं.

तिथले शल्यविशारद डॉक्टर हासुनुमा बाहेर आले तेव्हा अंधार पडला होता. मिनाए गेली होती. गर्भपिशवी एका बाजूने वरपासून खालपर्यंत फाटली होती, सगळं रक्त आतल्या आत; खांद्याचं दुखणंही त्याचंच होतं. मुलगी जिवंत होती. कागदोपत्री जन्म एकतीस डिसेंबर. वेळेत. ज्यासाठी हे सगळं केलं ते व्यवस्थित पार पडलं होतं. तोमेबाईंना नात दाखवली तेव्हा त्यांनी हात पुढे केले नाहीत.

तीन तारखेला मी उराबेंसमोर बसले.

"दुर्मिळ गुंतागुंत," ते म्हणाले. "हजारांत एखादी. दुर्दैव."

"तुमच्याकडून त्या महिन्यात आणखी दोघींना नदीपलीकडे नेलं. एकीचा रक्तस्राव थांबला नाही, एकीचं मूल गुदमरलं. गाव केवढं आणि तुमच्या दुर्मिळ बायका किती?"

"त्या सगळ्या स्वतःच्या पायांनी आल्या होत्या. मी बोलवायला गेलो नव्हतो."

"चिमटा तुम्ही सैल केलात."

"तो तुम्ही आवळलात, असं सिस्टर सांगते. उपचारात नातेवाइकांनी हात घातला, असंही म्हणता येईल. तुम्ही लिहा. मीही लिहीन."

मी लिहिलं. बातमी छापून आली, चौकशी बसली, सहा महिन्यांनी दोन वाक्यं बाहेर आली. दुर्मिळ गुंतागुंत. कुणाची हयगय नाही. उराबे पुढे वीस वर्षं दिवसाउजेडी बाळंतपणं करत राहिले.

इथवरचं सगळं मी कुठल्याही कोर्टात सांगेन. पुढचं हासुनुमांनी सांगितलं, चौकशी संपल्यावर, स्वतःच्या घरी. त्यांनी बायकोला चहा ठेवून आत जायला सांगितलं. कप माझ्याकडे सरकवला.

"मूल पिशवीबाहेर, पोटाच्या पोकळीत होतं," ते म्हणाले. "ते अपेक्षितच होतं. पण… नाळ कापलेली होती."

"तुम्ही कापलीत."

"माझी कात्री अजून नर्सच्या हातात होती. मी नुकतंच पोट उघडलं होतं, बाई. त्याआधी ते बंद होतं. तुम्ही तिच्यासोबत पुलावरून आलात, तुम्हाला माहीत आहे." त्यांनी घसा साफ केला. "एक गाठ बेंबीजवळ, दुसरी वारेच्या बाजूला. पांढरा दोरा, दुहेरी. जुन्या सुईणी बांधायच्या तशी गाठ. आणि पोर… नाळ तुटलेली, हवा नाही, तरी गरम होती. मी हात लावला तर रडली."

"अहवालात नाही हे."

"माझ्या सोबतच्या नर्सने पाहिलं. तिने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. मी अहवालात काय लिहायचं होतं?"

त्यांनी आपला कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"तुम्ही विचारत नाही आहात, पण सांगतो. आमच्याकडे नाळेचा तुकडा वाळवून लाकडी डबीत आईला देतात. आई तो मरेपर्यंत जपते, आणि मेली की तिच्यासोबत शवपेटीत ठेवतात. बाळ कुणाचं, याची ती खूण. तुमची बहीण गेली, म्हणून मला वाटलं, निदान तो तुकडा तिच्यासोबत द्यावा. मी शोधला. सगळी पोकळी पुन्हा चाळली. कापसाचा बोळान् बोळा मोजला, घसरगाडीवरची पांघरुणं झटकली."

"आणि?"

"दोन गाठींच्या मधला, बोटभर. तो कुठेच नव्हता."

हासुनुमा गेले. त्यांची नर्स मला सापडली, पण तिने दार उघडलं नाही. उराबेंना मी त्यांच्या शेवटच्या आजारात विचारलं, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. भाचीला मी वाढवलं. ती आता साठीला टेकली आहे, धडधाकट आहे, तिचा नवराही. तिच्या नाळेचा तो तुकडा कुणी नेला आणि तो आता कुणाजवळ आहे, याचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.